बेचिराख मौजे हिवरगव्हाण

परवा माझ्या नातीला माझ्याच जातीच्या दाखल्यासाठी मोबाईलवर अर्ज भरायचा होता. तिनं राज्य निवडलं, जिल्हा परभणी निवडला, तालुका निवडला आणि गावांची लांबच लांब यादी समोर आली. बोट सरकवत ती शेवटपर्यंत गेली, पुन्हा वर आली आणि म्हणाली, "आजी, तुझं गाव यात नाहीच." मी म्हटलं, "नीट बघ, असेल." तिनं नीट बघितलं. नव्हतं. "मग शेजारचं कोणतं तरी टाकू का? कोण बघतंय?" असं ती सहज म्हणाली आणि माझ्या हातातलं लाटणं ओट्यावर असं आपटलं की आतून जावई बघायला आले. पोर घाबरली. तिचा काय दोष? तिला कोणी सांगितलंच नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. माझं शिक्षण सातवीचं अर्धं वर्ष, शिवाय चाळीसेक वर्षं गोव्यात वास्कोला काढलेली, त्यामुळं भाषा कुठं कुठं खाली-वर होईल, ती वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावी. राग मात्र सांभाळून घ्यायची गरज नाही. तो मी मुद्दाम ठेवला आहे.

आमच्या भागात माणसं राहतात त्या जागेला नावांची काय कमी! मोठं ते गाव. त्यातली चार घरं फुटून शिवाराकडं गेली की ती वाडी. बंजारा समाज उतरतो तो तांडा. शेतातच घर, गोठा आणि सालगड्याची खोली बांधली की तो आखाडा. आठवड्याचा बाजार भरतो ती पेठ. एकाच नावाची दोन गावं असली तर थोरलं बुद्रुक आणि धाकटं खुर्द. इथं वास्कोकडं वाडो म्हणतात, आणि कोणत्या वाड्यावरची हे विचारताना कोणी नाक मुरडत नाही, एवढ्यासाठीसुद्धा मी या गोव्याचे उपकार मानते. आम्ही मूळचे राहत होतो ते गावाच्या उताराला, वेशीच्या बाहेर. त्यालाही वाडाच म्हणत, पण पुढं आमच्या जातीचं नाव लावून. आणि तलाठ्याच्या दप्तरात आणखी एक शब्द होता, निजामाच्या काळापासून चालत आलेला: बेचिराख. म्हणजे जिथली माणसं केव्हाची निघून गेली किंवा मेली, शिवार आणि सर्व्हे नंबर मात्र राहिले, असं गाव. जिथं आता दिवा लागत नाही.

त्या मूळ गावाचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी आमचं कुठं लिहू दिलं नाही, मी त्यांचं लिहीत नाही. तिथं आज राहतात त्या नातवंडांचा काही गुन्हा नाही हे मला कळतं, पण कळलं तरी लिहिणार नाही. विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव तिकडं मुंबईत झाला आणि घरं आमची जळाली. आमच्या वाड्यातल्या एकाही माणसानं ते विद्यापीठ डोळ्यानं बघितलेलं नव्हतं. मी बारा वर्षांची होते. त्या दिवसाबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे, मला एवढंच सांगायचं आहे की जाळणारे जीपमधून आले होते. आधी ओढ्यात जीपचा आवाज आला आणि आम्हाला वाटलं, पोलीस आले, बरं झालं. माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, जळत्या दारातून पेटी ओढून काढली. त्यात त्यांचे दोन्ही तळहात भाजून गेले. बरे झाले, पण मूठ पुन्हा पुरती मिटली नाही.

त्या गावात परत राहायचं नाही असं अठरा घरांनी ठरवलं. मग जायचं कुठं? दोन कोसांवर हिवरगव्हाणची पांढरी होती. पांढरी म्हणजे जुन्या गावाची जागा, मातीच्या भिंती विरघळून विरघळून पांढरट झालेली. मध्ये एका पडक्या गढीचा उंचवटा, भोवती बाभळी. म्हाताऱ्यांच्या सांगण्यानुसार पटकीच्या साथीत ते गाव उठलं, आणि तेव्हापासून तिकडं कोणी फिरकत नव्हतं, कारण तिथं भुतं आहेत असा बोलबाला. म्हणून तर ती जागा आमच्यासाठी मोकळी राहिली. माझी आत्या, सोजर आत्या, दादांची थोरली बहीण, पांढऱ्या कपाळाची, आवाजानं अख्ख्या शिवारात ओळखू येणारी. ती पहिल्या दिवशी गढीवर चढली, कमरेवर हात ठेवून चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "मेलेल्या माणसांनी मला आजवर काय केलं न्हाई. जे केलं ते जित्यांनी. उतरवा बोचकी."

आमचं घर म्हणजे एकच खण. आढं वाड्यातल्या घराचंच होतं, अर्धवट जळालेलं. माय ते रोज पुसायची तरी हाताला काळं यायचंच. भिंतीसाठी माती खणली की खालून खापरं निघायची, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, एकदा तर जात्याची अख्खी तळी निघाली. आत्यानं ती धुतली, आमच्या वरच्या पेडाशी जुळते का बघितली आणि जुळवली. पहाटे त्या जात्यावर ज्वारी दळली जायची. कोणाची तरी जुनी तळी, आमचा पेड, आणि दोन्हींतून घर्र घर्र असा एकच आवाज. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी नाहीतर कारळाची चटणी, आणि आत्याचा ठेचा. हिरव्या मिरच्या तव्यावर भाजून त्यातच लसूण आणि मीठ टाकून ती तांब्याच्या बुडानं रगडायची. वारा तिकडून असला की मानवतच्या जिनिंगचा भोंगा बारीकसा ऐकू यायचा. बाकी तितर आणि होले. पाणी ओढ्याच्या झिऱ्याचं. वाळूत हातभर खड्डा करायचा, त्यात पाणी झिरपत झिरपत येईपर्यंत बसायचं आणि वाटीनं हंडा भरायचा. एका हंड्याला कितीतरी वेळ लागायचा. मी तिथं बसून पाठ केलेल्या कविता म्हणायची, कारण शाळा तर सुटलीच होती. शाळा त्या गावात होती ना.

आता थाळीचं सांगायला हवं. हिवरगव्हाणला आल्यापासून आमच्याकडं एक रीत पडली होती. गाडीचा आवाज आला की थाळी वाजायची आणि थाळी वाजली की सगळ्यांनी जिथं असेल तिथून ज्वारीत शिरायचं. कोणी शिकवली नाही ही रीत, ती भीतीनं आपोआप लावली. कोणी काय उचलायचं हे सुद्धा ठरलेलं: माय कागदांची पेटी, दादा माझ्या धाकट्या भावाला, म्हाताऱ्यांना शेजारची पोरं. तान्ह्याच्या तोंडात गूळ. ज्वारी नसेल तेव्हा ओढ्याच्या कपारीत. थाळी वाजवायचं काम माझ्याकडं होतं, माझे कान तिखट म्हणून. जीप ओढ्यात उतरताना ड्रायव्हर गिअर बदलतो, तेव्हा आवाज एकदम जाड होतो. तो मला सगळ्यांच्या आधी ऐकू यायचा. दिवसातला किती तरी वेळ मी गढीवर पितळी थाळी मांडीवर घेऊन बसायची. आजही बंदरावरचे ट्रक रस्त्यानं जाताना गिअर बदलतात तेव्हा माझा हात आपोआप काहीतरी शोधतो. नवरा होता तोवर हसायचा. मी हसत नाही.

पाण्याचं फार झालं तेव्हा आत्याच्या डोक्यात हापसा शिरला. तालुक्याला गेलेल्या कोणी तरी सांगितलं की दुष्काळानंतर सरकार गावोगाव बोअर पाडून हापसे बसवायलाय, अर्ज केला की मिळतो. अर्जाचा छापील कागद आला. अठरा घरांत बरं अक्षर माझंच. कागदावर एक ओळ होती: गाव / वाडी / वस्ती / तांडा, लागू नसेल ते खोडावे. मी पेन धरून थांबले. "आत्या, काय खोडू?"

"आपुन काय हाव?"

"तेच विचारते."

दादा म्हणाले, "वस्ती ठेव. गाव म्हणलं तर हसतेल."

"हसू दे की," आत्या म्हणाली. "पाटबंधाऱ्याच्या कालव्यावर चार झोपड्या पडल्या, ती वस्ती. आपल्याला शिव हाय, पांढरी हाय, गढी हाय, दप्तरात नाव हाय. माणसंच तेवढी नव्हती. आता तीबी हायेत. खोड बाकीचं."

मी वाडी, वस्ती, तांडा अशा तिन्हींवर पट्टीनं सरळ रेघा मारल्या. इतकी सुबक रेघ मी शाळेतही कधी मारली नव्हती.

दोन महिन्यांनी पत्र आलं. स्थळपाहणीसाठी संबंधित अधिकारी येत्या गुरुवारी भेट देतील. गुरुवारसाठी आम्ही काय काय केलं! बायकांनी अंगणं सारवली. आत्यानं चुन्याची भुकटी कुठून तरी आणून गढीच्या पायथ्याला पट्टा ओढला. मायनं माझ्या परकराला ठिगळ लावलं, दिसणार नाही असं आतून. कोणी काय बोलायचं, साहेबांना बसायला कोणाची बाज, चहाची भांडी कोणाची, सगळं ठरलं.

साहेब मंगळवारी आले.

मला काय माहीत? मी गढीवर होते. ओढ्यात आवाज जाड झाला. बाभळींतून खाकी रंगाचं टप दिसलं. त्या दिवशीही टप खाकीच होतं. मी थाळी वाजवली. माझ्या आयुष्यात मी कधी काही इतक्या जोरानं केलं नसेल. खाली बघितलं तर सगळे आधीच पळत होते, आत्यासुद्धा, पिठाच्या हातानं. मी उतरून ज्वारीत शिरले. कणसं भरलेली होती, पानं तोंडावर करकरत होती. जीप थांबली. दार वाजलं. दोन माणसांचे आवाज आले, एकजण खोकला, मग पायांचे आवाज या घरातून त्या घराकडं गेले. हसल्याचाही आवाज आला एकदा. थोड्या वेळानं गाडी गेली. आम्ही नेहमीप्रमाणे आणखी बराच वेळ तसेच बसून राहिलो आणि मग एकेक करून बाहेर आलो.

काही जळालं नव्हतं. काही फुटलं नव्हतं. दादा दारातच म्हणाले, "हे कोण येऊन गेलं मग?" आत्या चुलीजवळ उकिडवी बसली होती. तव्यावर टाकलेली भाकर कोणी तरी उतरवली होती, आणि करपू नये म्हणून चुलीच्या कडेला, आराला, उभी करून ठेवली होती. बायका ठेवतात तशी. टोपल्यात आत्यानं सहा थापून ठेवलेल्या. तिनं मोजल्या तर पाच. ठेच्याची वाटी बोटानं पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. "चोर न्हाई," आत्या म्हणाली. "चोरानं भाकर जपली नसती." आणि मग तिनं हळूच माझ्याकडं बघितलं. त्या एका नजरेत मला कळलं की हा गुरुवारचा साहेब होता. मी तिथंच बसले.  मला वाटलं, आता सगळे माझ्या अंगावर येतील. अठरा घरांतून एकानंही मला शब्द लावला नाही. त्यांचे उपकार कसे फेडायचे हे मला अजून कळलेलं नाही.

तीन आठवड्यांनी अहवालाची नक्कल टपालानं आली. वाचायची मीच. सगळे आमच्या दारात बसले होते. मी वाचलं: सदर मौजे अभिलेखानुसार बेचिराख असून प्रत्यक्ष स्थळपाहणीतही तेथे मानवी वस्ती आढळून आली नाही. सबब हातपंपाची आवश्यकता नाही.

"पुन्ना वाच," दादा म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे आपण मेलाव," शेजारची एक म्हातारी म्हणाली, आणि कोणी तरी हसलं, आणि मग कोणीच हसलं नाही.

आज लिहितानाही माझी कानशिलं तापतात. सारवलेली अंगणं होती. दोरीवर धुणं होतं, ओलं. चूल पेटलेली. शेळी बांधलेली, ती तर ओरडतही होती. एवढं सगळं बघून एक शिकलेला माणूस जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहितो की इथं माणूस राहत नाही. मी त्याला राक्षस म्हणत नाही. राक्षस असता तर बरं होतं, त्याच्यावर राग एका ठिकाणी ठेवता आला असता. तो चष्मा लावलेला, बारीक आवाजाचा, घरी गेल्यावर लेकरांना पाढे विचारणारा असा माणूस होता. दप्तरात जे लिहिलं होतं तेच त्यानं पुन्हा लिहिलं, कारण तेवढ्यानं काम संपत होतं.

आत्या, दादा आणि मी तालुक्याला गेलो. एस.टी.त आत्यानं अहवाल पोलक्यात खोचला होता, पंधरा वेळा चाचपून बघितला. ऑफिसात साहेब पंख्याखाली बसले होते. दारात त्यांचा ड्रायव्हर स्टुलावर पेंगत होता.

"आमी हिवरगव्हाणचे," आत्या म्हणाली. "हापशाचं विचाराय आलाव."

"अहो बाई, ते बेचिराख आहे. मी स्वतः जाऊन आलो."

"व्हय, तुमी आल्ते. मंगळवारी. आमाला गुरुवार सांगितल्ता."

"दौरे बदलतात. पण तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"ज्वारीत."

"सगळे? कामाला?"

"लपाय."

"लपायला? कशासाठी?"

 दादांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. "साहेब," ती म्हणाली, "तुमी ह्याच जिल्ह्यात राहता न्हवं?"

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. "ते ठीक आहे. पण मला डोळ्यांनी माणूस दिसला पाहिजे. नुसत्या झोपड्या म्हणजे वस्ती होत नाही."

"चूल बगितली?"

"असेल."

"पेटलेली व्हती?"

"तसं काही मी नोंदवलेलं नाही."

"मी सहा भाकरी थापून टोपल्यात ठिवल्या, सातवी तव्यावर व्हती. आले तव्हा टोपल्यात पाच. तव्यावरची कडंला उभी केलेली. आमी तर न्हाईच राहत तिथं, तुमी लिवलंय. मग त्या भाकरी भुतानं थापल्या? आन् एक कोणी खाल्ली, दुसऱ्या भुतानं?"

शेजारच्या टेबलावरचा कारकून फिस्सकन हसला. साहेब लाल झाले. आणि दारातून आवाज आला, "साहेब, म्या खाल्ली."

ड्रायव्हर उभा राहिला होता. टोपी हातात. "पहाटंपासून पोटात काय न्हवतं. तव्यावरची करपत व्हती, म्हणून उतरिवली." मग आत्याकडं वळून, अगदी हळू, "ठेचा लय भारी व्हता, आक्का."

त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. त्यानं गप्प बसायला हवं होतं. गप्प बसून त्याचं काही बिघडलं नसतं, बोलून मात्र बिघडलं असेल. पुढं मी वास्कोला खाणावळ चालवली, तिथं ट्रक ड्रायव्हर जेवायला यायचे. त्यांच्या ताटात मी नेहमी एक भाकरी जास्त टाकायची आणि का ते कोणाला सांगितलं नाही.

साहेबांनी कागद उलटसुलट केले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, मार्ग आहे. 'गाव' हा हट्ट सोडा. तुमच्या मूळ गावाची 'वस्ती' म्हणून नवा अर्ज करा. तिथल्या सरपंचाची सही आणा. महिन्याभरात काम होईल."

दादांनी आत्याकडं बघितलं. मला वाटलं ते हो म्हणतील. झिऱ्यावरच्या वाटीची मला आठवण झाली आणि मनातून मलाही वाटलं, म्हणावं हो. पाणी ते पाणी.

"ज्यानं घर पेटिवलं त्याच्याच सहीनं पाणी प्यायचं?" आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्या गावात आमी आता कागदावरबी राहणार न्हाई."

"मग मी पुन्हा पाहणीला येईन," साहेब म्हणाले. "पण दिवस सांगणार नाही. सांगून गेलं की लोक दुसरीकडून माणसं आणून बसवतात, आम्हाला अनुभव आहे. त्या दिवशी माणसं दारात दिसली तर लिहीन, नाही दिसली तर विषय संपला."

 साहेबांच्या त्या बोलण्याचा अर्थ एस.टी.त बसेपर्यंत तिघांनाही कळला होता. साहेब कोणत्याही दिवशी येणार, म्हणजे येणारी प्रत्येक जीप साहेबांची असू शकत होती. आणि प्रत्येक जीप ही घरं जाळणाऱ्यांचीसुद्धा असू शकत होती.

संध्याकाळी गढीखाली सगळे बसले. ज्वारी काढून झाली होती; चहूकडं नुसती धसकटं, लपायला ओढ्याशिवाय काही उरलं नव्हतं. दादा सहसा भांडत नसत, त्या दिवशी भांडले. "सोजरे, पाण्यावाचून माणूस दोन दिस तरी निघतं. आगीत किती निघतं ते मला इचार."

"इचारते की. तुझे हात काय मी बगितले न्हाईत? म्याच तेल लावलं त्यांना. पर दोन वर्सं आपुन काय करायलाव? जगायलाव का लपायलाव? आपुनच पळालाव तर त्या साहेबाचं काय चुकलं?"

"चुकलं की! लय चुकलं!" दादा ओरडले. "त्येचं चुकलं म्हणून म्या लेकरं जाळू?"

 मी खाली मान घालून बसले होते. शेवटी आत्या उठली आणि माझ्यासमोर येऊन बसली. "थाळी सुलीच्या हातात हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी तिला वाजीव म्हणणार न्हाई, नको वाजवू म्हणणार न्हाई. तिला भ्या वाटलं तर ती वाजवंल, तव्हा समद्यांनी पळायचं. न्हाई वाजली तर दारात उभं राहायचं. काय झालं तरी पोरीला कोणी बोलायचं न्हाई." दादा म्हणाले, "बरं."

मी चौदा वर्षांची होते. त्या रात्रीपासून माझी झोप गेली ती अजून पुरती आलेली नाही. आता मागं वळून बघताना वाटतं, आत्यानं हे माझ्यावर टाकायला नको होतं. आणि असंही वाटतं की इतका विश्वास माझ्यावर पुढं आयुष्यात कोणीच टाकला नाही.

साहेब पावसाळ्यानंतर एकदाचे आले, माणसं बघून गेले, हेही इथंच सांगून टाकते. हापसा त्याच्याही पुष्कळ नंतर बसला. तोवर माझं लग्न होऊन मी इकडं आले होते. त्याचा दांडा मी माहेरपणाला गेल्यावर पहिल्यांदा हातात धरला. दप्तरातला शब्द मात्र कोणी खोडला नाही. नातीच्या मोबाईलमध्ये गाव सापडलं नाही ते त्यामुळंच. पण मला सांगायची आहे ती त्या आधीची, चैत्रातली एक दुपार.

ऊन असं की पितळी मांडीवर ठेवता येत नव्हती, परकराची घडी खाली घेतली होती. ओढा कोरडा ठणठणीत. त्यातून आवाज आला आणि जाड झाला. मी उभी राहिले. बाभळींतून टप दिसलं, धुळीनं माखलेलं, रंग कळत नव्हता. माझा हात वर गेला. थाळीवर मारायचं लाकूड हातात होतं. खाली लोक दारादारातून बाहेर आले होते, पण कोणी रस्त्याकडं बघत नव्हतं. सगळे वर माझ्याकडं बघत होते. दादांनी धाकट्याला उचलून घेतलं होतं, एक पाय पुढं. आत्या दारात उभी, पदर खोचलेला. ती काहीच खुणावत नव्हती. मी थाळी पालथी खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. चटका बसला तरी उठले नाही. मग एकदम सुचलं की मीसुद्धा दारात असायला हवी, आणि मी गढीवरून घसरत, खरचटत खाली पळाले आणि मायला जाऊन चिकटले. 

जीप अठरा घरांच्या मध्ये येऊन थांबली. बॉनेटमधून वाफ निघत होती. पुढच्या दारातून एक धोतरवाला म्हातारा उतरला, कपाळाला बुक्का, मागं गाठोडी घेऊन बसलेल्या बायका आणि एक रडणारं पोर. देवाला निघालेली खासगी जीप, रस्ता चुकलेली. इतकी माणसं दारादारात पुतळ्यासारखी उभी बघून म्हाताराच दचकला.

"राम राम," तो म्हणाला. "गाडी तापली बगा. घागरभर पाणी मिळंल का?"

 मग आत्या आत गेली आणि आमच्या दिवसाच्या पाण्यातली निम्मी घागर घेऊन आली. "लय लांबून आणलेलं हाय," ती म्हणाली. "आधी त्या लेकराला पाजा, मग गाडीला."

पोर प्यालं, बायका प्याल्या, ड्रायव्हरनं उरलेलं गाडीत ओतलं. म्हाताऱ्यानं पाथरीचा रस्ता विचारला, दादांनी मान हलवून दाखवला.  म्हातारा गाडीत चढला, दार ओढून घेतलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "हे कोणतं गाव म्हणायचं, बाई?"

"हिवरगव्हाण," आत्या म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि गाडी निघून गेली.